औंढ्याचं मंदिर एका फ्रेममध्ये कसं बसवायचं? रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी वाइड अँगल लेन्स निवडताना

हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ मंदिर यादवकालीन, हेमाडपंती शैलीचं. खालच्या भागात कोरीव मूर्तींचे थर, वरचा भाग नंतरच्या काळात बांधलेला. फोटो काढताना अडचण अशी की मंदिर उंच आणि भोवती कोट. मागे सरकायला जागा मोजकीच. अशा वेळी वाइड अँगल लेन्स लागते. पण डिजिटल रेंजफाइंडरवर ही लेन्स वापरण्याचे काही वेगळे नियम आहेत. लेन्स महाग असतात, म्हणून ते खरेदीआधीच समजून घेतलेले बरे.

रेंजफाइंडरमध्ये वेगळं काय?

डीएसएलआर किंवा मोबाइलमध्ये लेन्सला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून नाही, तर शेजारच्या छोट्या खिडकीतून बघता. फोटोत किती भाग येईल हे त्या खिडकीतल्या चौकटीच्या रेषा सांगतात. एप्सनचा आर-डी१ हा २००४ मध्ये आलेला पहिला डिजिटल रेंजफाइंडर. २००६ मध्ये लायका एम८ आला, तर २००९ मध्ये फुल-फ्रेम सेन्सरचा एम९.

लायकाच्या फुल-फ्रेम मॉडेल्समध्ये या रेषा साधारण २८ मिमीपर्यंतच असतात. चष्मा असेल तर २८ ची चौकटही पूर्ण दिसत नाही. २१ किंवा १५ मिमी लेन्ससाठी कॅमेऱ्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो, किंवा मॉडेलमध्ये सोय असेल तर मागच्या स्क्रीनवर बघावं लागतं. तो खर्चही हिशेबात धरा.

किती मिमीची लेन्स घ्यावी?

एक सोपा हिशेब आहे. फुल-फ्रेम कॅमेरा आडवा धरला तर फोटोत येणारी रुंदी = अंतर × ३६ ÷ लेन्सचे मिमी. म्हणजे १० मीटरवरून:

• ३५ मिमी: सुमारे १०.३ मीटर रुंदी
• २८ मिमी: सुमारे १२.९ मीटर
• २१ मिमी: सुमारे १७.१ मीटर

सेन्सर लहान असेल तर गणित बदलतं. एम८ वर २१ मिमीची लेन्स साधारण २८ मिमीसारखी चालते.

पहिली वाइड लेन्स घेत असाल तर २८ मिमी घ्या. वेगळा व्ह्यूफाइंडर लागत नाही आणि कडेची माणसं फारशी ताणलेली दिसत नाहीत. मागे सरकायला जागाच नसेल तिथे २१ उपयोगी पडते.

शिखर मागे कललेलं का दिसतं?

कारण कॅमेरा वर वळवलेला असतो. तो वर झुकला की सरळ भिंती वरच्या बाजूला जवळ येताना दिसतात आणि लेन्स जितकी वाइड, तितकं ते जास्त जाणवतं. उपाय एकच, कॅमेरा सपाट धरा.

कॅमेरा उभा, सपाट आणि जमिनीपासून दीड मीटरवर धरला, तर १० मीटरवरून २८ मिमीत सुमारे ८ मीटर उंचीपर्यंतचा भाग येतो, २१ मिमीत सुमारे १० मीटर. शिखर त्याहून वर जात असेल तर आणखी मागे जा. तेही जमत नसेल तर फक्त कोरीव भाग घ्या, शिखराचा फोटो वेगळा काढा.

मूर्तींसाठी मात्र वाइड लेन्स टाळा. जवळून काढल्यास त्यांचं प्रमाण बिघडतं. शिवाय बहुतेक रेंजफाइंडर खिडकीतून ०.७ मीटरपेक्षा जवळचा फोकस दाखवत नाहीत. ५० मिमी लेन्स लावा आणि मूर्तीच्या अगदी समोर उभे राहा. दगड झिजत जातो. आज मापात काढलेला फोटो उद्या तुलनेसाठी कामाला येतो.

गर्दीत फोकस कसा करायचा?

महाशिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी फोकस जुळवत बसायला वेळ नसतो. फुल-फ्रेमवर २८ मिमीची लेन्स एफ ८ वर ठेवा आणि अंतर सुमारे ३.३ मीटरवर लावा. सुमारे १.७ मीटरपासून शिखरापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. २१ मिमीवर अंतर १.९ मीटर ठेवलं तर जवळची मर्यादा सुमारे एक मीटर होते. मोठी प्रिंट काढायची असेल तर एफ ११ वापरा.

कडांना जांभळट रंग का येतो?

रेंजफाइंडरच्या अनेक वाइड लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या खूप जवळ असतं. कडेचा प्रकाश सेन्सरवर तिरका पडतो, त्यामुळे कडा काळपट किंवा जांभळट होतात. फिल्मच्या काळातल्या लेन्समध्ये हा त्रास जास्त. फोइग्टलेंडरच्या १५ मिमी लेन्सची २०१५ ची तिसरी आवृत्ती डिजिटल सेन्सर लक्षात घेऊनच आली. कॅमेऱ्याच्या मेनूत लेन्सचा योग्य प्रकार निवडला तरी बराच फरक पडतो. जुनी लेन्स घेताना तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा.

आणि गाभारा?

गाभारा खाली आहे, पायऱ्या अरुंद आहेत आणि दर्शनाची रांग सुरू असते. आत फोटो काढायचा असेल तर आधी मंदिर व्यवस्थापनाला विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेवा आणि दर्शन घ्या. बाहेरच्या भिंतींवर दिवसभर पुरेल इतकं काम आहे.