वाळूंतून काढलेलें यंत्र

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम कागद उभे राहतात. बखरी, पत्रें, सनदा, निवाडे. फार तर शिलालेख आणि ताम्रपट. कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड इ. स. १८९८ सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढें आयुष्यभर गांवोगांव हिंडून लोकांच्या माळ्यांवर कसरीच्या तोंडीं पडलेलीं दप्तरें उजेडांत आणलीं. तेव्हांपासून जुन्या कागदाविषयीं महाराष्ट्रांत एक प्रकारची भक्ति उत्पन्न झाली, आणि ती सर्वथा योग्य आहे. परंतु ज्यांस विसाव्या शतकाचा इतिहास लिहावयाचा आहे त्यांचें केवळ कागदांवर भागणार नाहीं. त्या शतकानें आपलें पुष्कळसें चरित्र पोलादांत व ॲल्युमिनियमांत लिहून ठेवलें आहे, आणि तें वाचण्यासाठीं हातांत पाना घ्यावा लागतो. अशाच एका पोलादी दप्तराची हकीकत आज आम्ही वाचकांस सांगणार आहों. हें दप्तर बेचाळीस वर्षें समुद्रकांठच्या वाळूंत पुरलेलें होतें. तें एका अध्यापकानें उकरून काढलें आणि नोकरी सांभाळून, घरच्या गॅरेजांत, सुमारें पंधरा वर्षें खपून पुन्हां लावलें.

या मोटारीचें काळीज म्हणजे तिचें इंजिन. म्हणून आरंभ तेथूनच करूं. इ. स. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली, तेव्हां विमानांसाठीं बळकट इंजिनाची तिला निकड भासली. मे महिन्याच्या अखेरीस जेसी व्हिन्सेंट व एल्बर्ट हॉल या दोघां इंजिनियरांनीं वॉशिंग्टन शहरांतील एका हॉटेलांत बसून, पांच-सहा दिवसांच्या आंत, एका इंजिनाचा आराखडा सिद्ध केला. त्यासच पुढें ‘लिबर्टी’ हें नांव मिळालें. बारा सिलिंडर, सहासहांच्या दोन रांगांत, एकमेकांशीं ४५ अंशांचा कोन करून उभे. प्रत्येकाचा व्यास ५ इंच व पिस्टनची धांव ७ इंच. एकंदर पोकळी २७ लिटर, आणि बळ सुमारें ४०० अश्वांचें. प्रत्येक सिलिंडर पोलादाचा, स्वतंत्र घडविलेला. त्याच्याभोंवतीं थंड पाणी खेळविण्यासाठीं पातळ पत्र्याचें वेष्टण सांधलेलें. खालची पेटी मात्र वजन वांचावें म्हणून ॲल्युमिनियमची. हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. अशीं वीस हजारांहून अधिक इंजिनें तयार झालीं. लिबर्टी इंजिनांचीं ब्रिटिश विमानें पुढें आपल्याकडे वायव्य सरहद्दीवरहि उडत असत.

लढाई संपल्यावर हीं इंजिनें शिलकी माल म्हणून विकलीं जाऊं लागलीं. इंग्लंडांत कँटरबरीजवळ हायम येथें काउंट लुई झ्बोरोव्स्की नांवाचा एक धनाढ्य तरुण राहत असे. विमानाचें इंजिन मोटारीस जोडून शर्यतीच्या प्रचंड गाड्या बनविण्याचा त्यास नाद होता. क्लाइव्ह गॅलप या इंजिनियराच्या साह्यानें त्यानें लिबर्टी इंजिनाची एक गाडी बांधली. तिची गियरपेटी बेन्झ गाडीची होती, आणि मागच्या चाकांस गति देण्यासाठीं दोन्ही बाजूंस उघड्या सांखळ्या होत्या. परंतु १९ ऑक्टोबर १९२४ रोजीं इटलींत मोंझा येथील शर्यतींत झ्बोरोव्स्की मरण पावला, आणि गाडी धन्यावांचून राहिली. ती १२५ पौंडांस विकत घेतली जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस यानें.

थॉमसचा जन्म वेल्समधील रेक्सम येथें १८८४ सालीं झाला. लेलंड मोटार कंपनीचा तो मुख्य इंजिनियर होता, आणि ‘लेलंड एट’ ही तिची नामांकित गाडी त्याच्याच कल्पनेंतून निघालेली. ती चाकरी सोडून तो ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या मैदानावर येऊन राहिला. घेतलेल्या गाडीस त्यानें ‘बॅब्ज’ असें घरगुती नांव दिलें, आणि तिच्या इंजिनास हात घातला. त्यानें चार नवे कार्ब्युरेटर बसविले आणि पिस्टन स्वतःच्या आराखड्याप्रमाणें करवून घेतले. म्हणजे बॅब्जचें इंजिन केवळ लढाईंतलें शिलकी इंजिन राहिलें नाहीं; एका कुशल कारागिराचा विचार त्यांत उतरला होता.

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन म्हणून एक खेडें आहे. ओहोटी लागली म्हणजे त्याच्यापुढें सुमारें सात मैल लांबीची सपाट, घट्ट वाळू उघडी पडते. तेथें २७ एप्रिल १९२६ रोजीं थॉमसनें ताशीं १६९.३० मैलांचा वेग गांठून पृथ्वीवरील वेगाचा उच्चांक मिळविला, आणि दुसऱ्याच दिवशीं तो १७१.०२ मैलांवर नेला. पुढच्या वर्षीं ४ फेब्रुवारीस माल्कम कँबेल यानें त्याच वाळूवर १७४.८८ मैलांचा वेग साधून तो मान हिरावून घेतला. तो परत मिळविण्यासाठीं ३ मार्च १९२७ रोजीं थॉमस पुन्हां पेंडाइनच्या वाळूवर उतरला. भर वेगांत गाडी उलटली आणि थॉमस जागच्या जागीं गतप्राण झाला. या उच्चांकापायीं बळी पडलेला तो पहिलाच चालक. त्याचा देह ब्रुकलंड्सजवळ बायफ्लीट येथील चर्चच्या आवारांत विसांवला; गाडी मात्र पेंडाइनच्या वाळूंतच खड्डा खणून पुरण्यांत आली. ज्या उच्चांकासाठीं त्यानें प्राण वेंचला तो तरी किती टिकावा? त्याच महिन्याच्या २९ तारखेस सीग्रेव्ह यानें अमेरिकेंत डेटोना येथें २०३.७९ मैलांचा वेग गांठला. थॉमसच्या मृत्यूस तेव्हां महिनाहि झाला नव्हता.

अपघात कसा झाला यासंबंधीं एक गोष्ट लोकांत रूढ झाली. गाडीची सांखळी भर वेगांत तुटली, ती उसळून थॉमसच्या मानेवर बसली, आणि त्यानेंच त्याचा अंत झाला, अशी ती गोष्ट. ती भयंकर होती आणि सांगण्यास सोपी होती. त्यामुळें ती पुस्तकांत शिरली आणि एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरत गेली. तींत एक अनुक्त ठपकाहि होता. उघड्या सांखळीजवळ मान नेऊन बसणारा हा इंजिनियर आपल्याच धाडसानें मेला, असें ती गोष्ट ऐकणाऱ्यास वाटावें. याविरुद्ध साक्ष देऊं शकेल असा एकच साक्षीदार होता, आणि तो वाळूखालीं निजला होता.

उत्तर वेल्समधील बँगोर येथील तंत्रविद्यालयांत ओवेन विन ओवेन नांवाचे इंजिनियरिंगचे अध्यापक होते. डोंगरांतील केपल क्युरिग या गांवीं त्यांचें घर. पेंडाइनची वाळू एव्हांना लष्कराच्या ताब्यांत गेली होती. तेव्हां परवानगी मिळविणें हेंच पहिलें काम होऊन बसलें. ती मिळाल्यावर इ. स. १९६९ सालीं त्यांनीं बॅब्ज बाहेर काढली. हें सर्वांस रुचलें असें नाहीं. ज्यांनीं ती पुरली त्यांनीं दुःखाच्या भरांत, एका शूर माणसाचें स्मारक म्हणून ती पुरली होती. ती उकरणें म्हणजे थडगें उकरणेंच होय, अशी भावना कांहीं लोकांच्या मनांत आली, आणि आम्हांस ती तुच्छ वाटत नाहीं. आपल्या घरांतहि गेलेल्या माणसाची पेटी वर्षानुवर्षें कोणी उघडीत नाहीं. परंतु पेटी उघडण्याचे हेतु दोन असूं शकतात. एक लोभाचा आणि दुसरा जिज्ञासेचा. ओवेन यांचा हेतु कोणता होता हें त्यांच्या पुढील पंधरा वर्षांनीं सांगितलें.

वाळूंतून निघालेल्या अशा यंत्राची दशा काय असते याची कल्पना वाचकांस करून देणें अवश्य आहे. खारें पाणी, पोलाद आणि ॲल्युमिनियम हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते, आणि तींत ॲल्युमिनियमचा बळी जातो. पोलाद गंजतें, पण जेथें जुनें तेल टिकून राहिलें तेथें तें आश्चर्य वाटावें इतकें शाबूत राहूं शकतें. पिस्टन सिलिंडरांत घट्ट धरलेले असतात. ते ठोकून काढूं म्हटलें तर दोन्हींचा नाश होतो. तेल मुरत ठेवावें, बेताचा शेक द्यावा, आठ दिवसांनीं पुन्हां पाहावें, असाच क्रम चालवावा लागतो. येथें घाई करणारा मनुष्य पुरावाच नष्ट करून बसतो.

सुटे झालेले भाग पुन्हां लावणें हें त्याहून नाजूक काम. लिबर्टी इंजिनांत समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे दांडे क्रँकशाफ्टच्या एकाच खुंट्यावर बसतात. एकाचें टोंक चिमट्यासारखें दुभंगलेलें, आणि दुसऱ्याचें त्या चिमट्यांत शिरणारें. क्रँकशाफ्टला आधार देणारे बेअरिंग सात. अशा जुन्या इंजिनाच्या बेअरिंगांना पांढऱ्या मऊ धातूचें अस्तर असतें. तें गेलें असेल तर वितळवून नवें ओतावें लागतें, आणि मग शाफ्टला निळा रंग चोपडून, तो बसवून फिरवून, जेथें जेथें रंग उठेल तेवढाच भाग खरवडीनें खरवडावा लागतो. हें एकदां करून भागत नाहीं; एकेका बेअरिंगास दहादहा वेळां करावें लागतें. चोवीस व्हाल्व्ह बैठकींत घांसून बसवावयाचे. त्यांना उघडमीट करविणारे वरचे दोन शाफ्ट क्रँकशाफ्टशीं नेमक्या दांत्यावर जुळवावयाचे. एक दांता चुकला तरी सगळी मेहनत वांयां. आणि हें सर्व कोणा कारखान्यांत, पगारी माणसांकरवीं नव्हे. दिवसा विद्यार्थ्यांस शिकवावें, आणि उरल्या वेळांत, घरच्या इतर कामांमधून सवड काढून, गॅरेजांतला दिवा लावावा. पंधरा वर्षें हा आंकडा त्यामुळेंच समजतो. पगारी मनुष्य इतका वेळ लावता तर त्यास कोणी ठेवून घेतला नसता. मात्र फुरसतीच्या कामास घाईचा धाक नसतो, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. एखादा भाग आज समजला नाहीं तर तो फळीवर ठेवून दुसऱ्या कामास लागतां येतें, आणि महिन्यानें तो पुन्हां हातीं घेतां येतो.

या सावकाश वाचनाचें फळ केवळ चालती गाडी एवढेंच नाहीं. अवशेषांच्या पाहणीनंतर अपघाताची हकीकत बदलली. मागचें उजवें चाक निकामी झालें, त्यामुळें गाडी उलटली, आणि त्या उलटण्यांत झालेल्या जखमांनीं थॉमसचा अंत झाला, हेंच अधिक संभवनीय ठरलें. चाक मोडणें हाहि यंत्राचाच दोष आहे, आणि माणूस तर गेला तो गेलाच. तरी पन्नास वर्षें चाललेल्या एका भीषण दंतकथेस आधार उरला नाहीं, आणि एका कर्तबगार इंजिनियराच्या नांवावरील अविचाराचा डाग पुसट झाला. कागदी पुरावे जमवून हें साधलें नसतें. कारण कागदांत ती दंतकथाच पुन्हां पुन्हां उतरलेली होती.

येथें एक शंका कोणी घेईल. कुजलेले भाग टाकून इतके नवे घातल्यावर ही तीच गाडी कशावरून? शंका रास्त आहे, पण आपणांस अपरिचित नाहीं. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हां ढांसळलेल्या भिंती नव्या चढतात, लांकूडकाम बदलतें, तरी देऊळ तेंच राहतें. कारण त्याचा पाया, त्याचा आराखडा आणि तेथील परंपरा अखंड असते. अट एवढीच, कीं नवें कोणतें आणि जुनें कोणतें हें सांगतां आलें पाहिजे. संशोधक फाटक्या पत्रांतील गळालेलीं अक्षरें कंसांत घालतो. तीं कंसाबाहेर घालील तर तो बनावट लेखक ठरेल. यंत्राच्या जीर्णोद्धारासहि हाच नियम लावला पाहिजे. तो पाळला म्हणजे नवा भाग जुन्यास खोटें पाडीत नाहीं, उलट त्यास उभें राहण्यास आधार देतो.

बॅब्जचें इंजिन पुन्हां सुरू झालें, आणि पुढें ती गाडी पेंडाइन गांवींच, जेथें ती पुरली होती त्या वाळूच्या शेजारीं, लोकांस पाहावयास मिळाली. उकरण्यास ज्यांचा विरोध होता त्यांच्याहि स्मारकाची यानें हानि झाली असें आम्हांस वाटत नाहीं. वाळूखालचें अदृश्य स्मारक आतां दृश्य झालें इतकेंच. ओवेन इ. स. २०१२ मध्यें निवर्तले.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आजोबांची मोटार, बंद पडलेलें भिंतीवरचें घड्याळ, नाहीं तर कोपऱ्यांत पडलेलें शिवणाचें यंत्र असेल. तें भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावें, इतकीच आमची विनंति आहे. कोणत्या खिळ्यास कोणाच्या हातानें कानस लागली आहे, कोणता भाग कोणीं घरीं बनवून बसविला आहे, हें त्यांत दिसेल. एखाद्या रविवारीं मुलांस जवळ बसवून हें केलें, तर एरवीं कोणत्याहि दप्तरांत न सांपडणारा घरचा इतिहास त्यांच्या हातीं लागेल.