कीडग्रस्त माड तोडणे

कीडग्रस्त माड तोडणे म्हणजे सोंड्या भुंगा किंवा गेंड्या भुंगा या किडींनी पोखरलेले आणि वाचण्याची शक्यता न उरलेले नारळाचे झाड घराच्या परसातून अथवा गृहसंकुलाच्या आवारातून सुरक्षितपणे उतरवणे आणि त्याच्या अवशेषांची विल्हेवाट लावणे होय. कोकण, मुंबई व गोवा या भागांत घराच्या भिंतीला लागून माड असणे नेहमीचे आहे. बागेतील मेलेला माड कोसळला तर फारसे बिघडत नाही. घरालगतच्या माडाला मात्र पडायला मोकळी जागा नसते. कोकणात सर्वाधिक आढळणारी बाणवली ही उंच जात २० मीटरांहून अधिक वाढते. त्यामुळे छप्पर, विजेच्या तारा, शेजाऱ्याचे अंगण आणि रस्ता हे सर्व तिच्या पल्ल्यात येतात.

जुलै २०१७ मध्ये मुंबईतील चेंबूर येथे रस्त्याने चालणाऱ्या एका महिलेच्या अंगावर माड कोसळून तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्यासाठी आधी अर्ज करण्यात आला होता, असे त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. उभा आणि हिरवा दिसणारा माड सुरक्षित असतोच असे नाही, ही बाब या घटनेने ठळकपणे पुढे आणली.

कीड व तिची लक्षणे

माडाचा सर्वांत घातक शत्रू म्हणजे तांबड्या रंगाचा सोंड्या भुंगा (शास्त्रीय नाव : ऱ्हिंकोफोरस फेरुजिनियस). सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीचा हा भुंगा स्वतः फारसे नुकसान करत नाही. मादी खोडावरील जखमांत व भेगांत अंडी घालते आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या पायविरहित, पिवळट पांढऱ्या अळ्या खोडाचा मऊ गाभा खात आत शिरतात. अळीची पूर्ण वाढ होण्यास एक ते तीन महिने लागतात. त्यानंतर ती खोडातीलच तंतूंचा कोश विणून त्यात कोषावस्थेत जाते. एकाच झाडात किडीच्या अनेक पिढ्या वाढू शकतात आणि या काळात बाहेरून जवळजवळ काहीही दिसत नाही. पाच ते वीस वर्षे वयाच्या माडांवर तिचा प्रादुर्भाव अधिक आढळतो.

खोडावरील बारीक छिद्रे, त्यांतून पाझरणारा तांबूस तपकिरी चिकट द्रव आणि छिद्रांच्या तोंडाशी चघळलेल्या तंतूंचा भुसा ही सुरुवातीची लक्षणे होत. खोडाला कान लावल्यास अळ्यांच्या कुरतडण्याचा आवाज ऐकू येतो. शांत वेळी अनुभवी माणसाला तो सहज ओळखता येतो. पुढे आतील झावळ्या पिवळ्या पडतात, कोंब सुकतो आणि अखेरीस शेंडाच मोडून पडतो. शेंडा मोडण्यापर्यंत वाट पाहिली, तर खोड बहुधा पोकळ झालेले असते.

गेंड्या भुंगा (ओरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस) न उमललेल्या कोंबात शिरून तो कुरतडतो. त्यामुळे उमललेल्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात. प्रौढ झाड केवळ या भुंग्यामुळे सहसा मरत नाही. मात्र त्याने केलेल्या जखमांतून सोंड्या भुंग्याला प्रवेश मिळतो. माडावर चढण्यासाठी खोडात खाचा पाडण्याची जुनी पद्धतही याच कारणाने हानिकारक ठरते. माडाच्या खोडात साल व लाकूड निर्माण करणारा वर्धी थर नसल्यामुळे एकदा झालेली जखम कधीच भरून येत नाही.

तोडावे की वाचवावे

माडाला वाढीचा एकच बिंदू असतो आणि तो शेंड्याच्या गाभ्यात असतो. तो जिवंत असेपर्यंत उपचाराला अर्थ आहे. तो मेला की झाड मेलेच, बुंध्यापासून नवे धुमारे फुटत नाहीत. त्यामुळे पहिली तपासणी शेंड्याची करावी. मधला कोंब हिरवा व घट्ट असून खोडावर एक-दोनच छिद्रे असतील, तर कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या सल्ल्याने उपचार करून माड वाचवता येतो. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र या विषयावर काम करते. कोंब ओढताच हातात येत असेल आणि त्याला कुजका वास येत असेल, तर उपचारावर खर्च करणे व्यर्थ होय. पावसाळ्यात बुरशीमुळे होणाऱ्या ‘कोंब कुजणे’ या रोगातही असेच दिसते. परंतु त्यात खोडावर छिद्रे व भुसा नसतो.

खोडाची मजबुती पाहण्यासाठी लाकडी दांड्याने बुंध्यापासून हात पोहोचेल तेथपर्यंत ठोकून पाहतात. निरोगी भागाचा आवाज भरीव, तर पोखरलेल्या भागाचा पोकळ येतो. ही चाचणी खालच्या भागापुरतीच आहे. वरच्या भागाविषयी तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

परवानगी

महाराष्ट्रातील नागरी भागांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. झाड मृत, रोगग्रस्त किंवा जीवितास व मालमत्तेस धोकादायक असल्याचे वृक्ष अधिकाऱ्याचे मत झाल्यास परवानगी नाकारता येत नाही, अशी तरतूद या कायद्यात आहे. म्हणून अर्जासोबत छिद्रे, पाझर व सुकलेला कोंब स्पष्ट दिसतील अशी छायाचित्रे जोडणे हिताचे असते. नुसत्या ‘झाड धोकादायक आहे’ या वाक्याने पाहणी करणाऱ्याला काहीच कळत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला असून काही जुने माडही त्यात बसू शकतात. ग्रामीण भागासाठी असलेल्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस व चिंच आहेत, माड नाही.

गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. तेथे २०१६ मध्ये माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आले होते. त्यावर मोठा वाद झाला आणि २०१७ मध्ये माडाचा पुन्हा समावेश करून त्याला राज्यवृक्षाचा मान देण्यात आला.

तोडण्याची पद्धत

मोकळ्या जागेतील झाड बुंध्याशी कापून एका दिशेला पाडता येते. त्यासाठी पडण्याच्या बाजूस खाच घेतात, विरुद्ध बाजूने थोडा वरच्या पातळीवर काप देतात आणि दोहोंच्या मध्ये न कापलेली पट्टी ठेवतात. ही पट्टी बिजागरीसारखे काम करून झाडाला दिशा देते. पोखरलेल्या माडात नेमका तोच भाग कुजलेला असण्याची शक्यता असते. तसे असल्यास झाड कोणत्याही बाजूला जाऊ शकते. निदान झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत माणसे नसतील, तरच ही पद्धत वापरावी.

घरालगतचा माड वरून खाली तुकड्यातुकड्यांनी उतरवतात. आधी नारळ, मग झावळ्या, नंतर शेंडा आणि शेवटी खोडाचे हातभर ते दोन हातांचे तुकडे, असा क्रम असतो. जड तुकडे दोरखंडाने बांधून सावकाश सोडले जातात. हे काम माडावर चढणाऱ्या अनुभवी पाडेल्यांकडून करून घेण्याची रीत आहे. परंतु ज्या खोडावर मोठी छिद्रे आहेत, जे ठोकल्यावर पोकळ वाजते, ज्याचा शेंडा कलला किंवा मोडला आहे, त्यावर कोणालाही चढवू नये. अशा वेळी कमरेचा पट्टाही निरुपयोगी असतो, कारण माणूस ज्याला बांधलेला आहे ते खोडच मोडते. तेथे वाहनावर बसवलेल्या यांत्रिक शिडीच्या पाळण्यातूनच काप घ्यावेत. पावसात, ओल्या खोडावर किंवा वाऱ्याच्या दिवशी काम करू नये. विजेच्या तारा जवळ असल्यास वीज कंपनीला आधी कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. ओली झावळी तारेला टेकली तरी वर असलेल्या माणसाला विजेचा धक्का बसू शकतो.

खर्च

खर्चाचा मोठा भाग झाडाच्या जाडीवर नव्हे, तर त्यावर माणूस चढू शकतो की नाही यावर अवलंबून असतो. खोड मजबूत असताना दोन-तीन माणसे, दोर व करवत यांवर भागते. ते पोकळ झाल्यावर यंत्र आणावे लागते आणि अरुंद गल्लीत तेही पोहोचत नाही. कोंब मेल्याची खात्री झाल्यावर केलेली दिरंगाई म्हणूनच सर्वांत महाग पडते. यंत्र आणावेच लागले, तर शेजारच्या आवारांतील तशीच झाडे त्याच दिवशी उतरवून भाडे वाटून घेता येते. पावसाळ्यापूर्वी मागणी वाढते, तेव्हा हिवाळ्यात काम उरकणे सोयीचे.

मजुरी ठरवताना तुकडे करणे, वाहून नेणे व बुंधा काढणे त्यात आहे की नाही, हे आधीच स्पष्ट करावे. बहुतेक तंटे येथेच होतात. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही विमा योजना आहे. काम देण्यापूर्वी विम्याची चौकशी करणे मालकाच्याही हिताचे असते. खोडाचा न पोखरलेला खालचा भाग टणक असतो. कोकणात ओहोळावरील साकवासाठी व गोठ्याच्या वाशांसाठी तो वापरला जातो.

अवशेषांची विल्हेवाट

तोडलेल्या माडात अळ्या व कोश जिवंतच असतात. खोड परसात तसेच पडू दिले, तर काही आठवड्यांत नवे भुंगे बाहेर पडून शेजारच्या माडांवर जातात. झाड तोडण्याचा निम्मा हेतू तेथेच फसतो. पोखरलेला भाग उभा चिरून उघडा करावा, अळ्या व कोश वेचून नष्ट करावेत आणि उरलेला भाग जाळावा किंवा खोल पुरावा. शहरांत उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई असल्याने तेथे बारीक चुरा करणे किंवा पुरणे हाच मार्ग उरतो. पोखरलेले तुकडे सरपण म्हणून दुसऱ्या गावी पाठवू नयेत.

कुजणारा बुंधा व शेणखताचा खड्डा ही गेंड्या भुंग्याची पैदास होण्याची ठिकाणे आहेत. बुंधा मुळांसह खणून काढणे उत्तम. ते शक्य नसल्यास तो जमिनीच्या पातळीखाली कापून त्यावर मातीचा जाड थर द्यावा. उरलेल्या भुंग्यांसाठी कामगंध सापळा लावायचा झाल्यास तो निरोगी माडाच्या खोडाला टांगू नये, कारण वासाने ओढले गेलेले सर्वच भुंगे सापळ्यात पडत नाहीत.