जेवणापूर्वींची प्रार्थना

संकटांतहि आनंद मानावा व देवाचे आभार मानावे, असा उपदेश ख्रिस्ती धर्मग्रंथांत वारंवार येतो. पोटभर जेवलेल्या माणसाच्या तोंडून तो ऐकतांना आमच्या मनांत नेहमींच थोडी शंका उभी राहते; आणि ज्याच्या घरीं मृत्यु नुकताच येऊन गेला आहे, त्याला तर तो क्रूर वाटत असेल. म्हणून असा उपदेश कोणीं, कोणत्या स्थितींत आचरला, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें. त्यासाठीं वाचकांनीं आमच्याबरोबर जर्मनींतील आयलेनबुर्ग या गांवीं यावें.

सॅक्सनी प्रांतांत, लाइपझिगच्या ईशान्येस, मुल्डे नदीच्या कांठीं हें गांव आहे. मार्टिन रिंकार्ट याचा जन्म तेथेंच १५८६ सालीं, लांकडी पिंपें करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं झाला. लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेंत तो गायकवृंदांत होता. पुढें तो धर्मोपदेशक झाला आणि १६१७ सालीं आपल्याच गांवीं त्याची नेमणूक झाली. दुसऱ्याच वर्षीं तें प्रसिद्ध तीस वर्षांचें युद्ध पेटलें.

गांवाला तट होता. त्या भरंवशावर आसपासच्या खेड्यांतील माणसें जीव मुठींत धरून आंत शिरलीं, आणि त्या दाटीनेंच घात केला. १६३७ सालीं सांथ आली. धर्मोपदेशकांपैकीं एक गांव सोडून गेला, दोघे मरण पावले, आणि रिंकार्ट एकटा उरला. कित्येक दिवशीं त्याला ४०-५० प्रेतांवर अंत्यविधि करावे लागत. त्याच्या हातून असे सुमारे ४,४८० विधि झाले, असें नमूद आहे. पुढें पुढें तर प्रेतें विधीवांचूनच चरांत पुरावीं लागलीं. त्या वर्षीं सुमारे ८,००० माणसें गेलीं. त्यांतच ८ मे रोजीं रिंकार्टची पत्नीहि गेली. सांथीमागून दुष्काळ आला. मेलेल्या मांजरासाठीं किंवा कावळ्यासाठीं रस्त्यांत माणसें झोंबूं लागलीं. रिंकार्टच्या दाराशीं भुकेल्यांची गर्दी असे. घरच्यांपुरतें जेमतेम ठेवून बाकीचें तो वांटून टाकी. पुढील कित्येक वर्षांचें उत्पन्न त्यानें गहाण टाकलें, आणि मग स्वतःच्या मुलांच्या भाकरीची व कपड्यांची त्याला विवंचना पडली.

याच मनुष्याचें एक उपकारस्तोत्र आज जगभरच्या चर्चमध्यें गाइलें जातें. तीस वर्षांचें युद्ध संपल्याच्या आनंदांत त्यानें तें रचिलें, अशी एक गोड कथा प्रचलित आहे. ती आम्हांस मान्य करतां येत नाहीं. तह झाला १६४८ सालीं; आणि क्र्यूगर या संगीतकारानें बर्लिनमध्यें छापलेल्या १६४७ च्या स्तोत्रसंग्रहांत हें गीत आहे. बहुतेक अभ्यासक तें १६३६ च्या सुमाराचें किंवा त्यापूर्वींचें मानतात. शिवाय त्याचें मूळचें नांवच 'भोजनाची लहानशी प्रार्थना' अशा अर्थाचें आहे. आपल्या घरांत मुलें जेवणापूर्वीं श्लोक म्हणतात, त्याच जातीचें हें गीत. म्हणजे संकट सरल्यावर गावयाचें हें विजयगीत नव्हे. समोर अन्न थोडें असो वा फार, रोज म्हणावयाचें आहे.

गीताचा गाभा 'सिराखचा ग्रंथ' या प्राचीन यहुदी बोधग्रंथाच्या ५० व्या अध्यायांतून घेतलेला आहे. पहिल्या कडव्यांत आईच्या उदरापासून आजवर झालेल्या सांभाळाबद्दल आभार आहेत. दुसऱ्यांत मागणें आहे, आणि आमच्या मतें या गीताचें मर्म तेथेंच आहे. कवि आनंदी मन व शांति देवाजवळ मागतो. तीं आपल्यापाशीं आहेत असें तो म्हणत नाहीं. आभार मानणें माणसाच्या हातचें, तें त्यानें ताटापुढें बसून करावें. आनंद मात्र हुकमी येत नाहीं, तो मागावा लागतो. पत्नीला पुरून आलेल्या माणसालाहि अशी प्रार्थना खोटें न बोलतां म्हणतां येते.

संकटें मात्र थांबलीं नाहींत. १६३९ सालीं स्वीडिश सैन्याच्या एका अधिकाऱ्यानें गांवाकडे ३०,००० टालर खंडणी मागितली. रिंकार्टनें रदबदली केली, ती झिडकारली गेली. तेव्हां त्यानें गांवकऱ्यांस बरोबर घेऊन गुडघे टेकले व प्रार्थना केली. अखेर खंडणी २,००० फ्लोरिनांवर आली, असें चरित्रकार सांगतात.

पुढें या गीताचें नशीब विचित्र निघालें. १७२५ सालीं बाखनें तें आपल्या एका संगीतरचनेंत गुंफलें. ज्या सेंट थॉमस शाळेंत रिंकार्ट मुलपणीं गाइला, तिचाच बाख तेव्हां संगीतशिक्षक होता. १७५७ सालीं लॉयटेनच्या लढाईनंतर विजयी प्रशियन सैनिकांनीं तें रणांगणावर गाइलें, आणि राजांच्या विजयोत्सवांत त्याची वर्णी लागली. घांस घेण्यापूर्वीं म्हणावयाचे शब्द प्रेतांच्या राशींत जयघोष म्हणून उठावे, हें आम्हांस रुचत नाहीं. खुद्द रिंकार्टला, ज्या शांततेसाठीं तो रोज मागणें मागत होता, ती जेमतेम एक वर्ष लाभली. १६४८ च्या ऑक्टोबरांत वेस्टफालियाचा तह झाला, आणि ८ डिसेंबर १६४९ रोजीं तो आयलेनबुर्ग येथेंच वारला.