चिंच, राख आणि ताम्रपट

दिवाळी तोंडावर आली की घरोघरची तांब्यापितळेची भांडी अंगणात येतात. हंडा, कळशी, घंगाळ, देव्हाऱ्यातली समई नि ताम्हन. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, एवढ्यावर काळवंडलेला हंडा घटकाभरात लखलखू लागतो. हे आपल्या आयाबहिणींना कुणी शाळेत शिकवलं नाही. पण हे रसायनशास्त्रच आहे, एवढं गुरुजींनी वर्गात अवश्य सांगावं.

तांब्याला हवा लागली की त्यावर काळपट थर धरतो. ओल राहिली तर हिरवं जंगाल चढतं. चिंचेतलं आम्ल हा थर विरघळवतं, मीठ त्याला हातभार लावतं आणि राखेतला क्षार तेलकटपणा काढतो. म्हणून समईला आधी राख, मग चिंच. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं तेही याच आंबटपणामुळे. तिथं तो भांड्याचं तांबं ताकात उतरवतो. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ मुलामा. तो राखेनं खसाखसा घासू नये, लवकर उडतो.

आता एक गोष्ट नीट पाहा. नव्या कळशीवर दुकानदारानं घालून दिलेलं नाव कसं ठसठशीत असतं! आजेसासूबाईंच्या कळशीवरचं नाव मात्र बोटानं चाचपून शोधावं लागतं. दर घासणीला थोडं थोडं तांबं जातंच. कळशीचं नाव पुसलं तर फारसं बिघडत नाही. पण तीच चिंच ताम्रपटाला लावली तर?

जुने राजे जमीन किंवा गाव दान देत, तेव्हा त्याची सनद तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. कागद कुजतो, तांबं टिकतं. असेच काही पत्रे मूळच्या नगरकडच्या एका तांबट घराण्यात वडिलोपार्जित म्हणून जपलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते विद्वानांच्या हाती आले आणि वाचल्यावर कळलं की, ते वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचं दानपत्र आहे. नवऱ्यामागं अल्पवयीन मुलाच्या नावानं ही बाई विदर्भात राज्य करीत होती, आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती मुलगी. वाकाटक नेमके कोणत्या काळातले यावर तोवर नुसते तर्क चालले होते. बापलेकीच्या या नात्यानं ते गुप्तांच्या जोडीला येऊन बसले. विचार करा, तांबटाच्या घरात भट्टी पेटलेली, हातोडा हाताशी आणि मोडीला भाव असताना हे पत्रे पिढ्यान्‌पिढ्या वितळले नाहीत! त्या घराण्याचे उपकार इतिहासावर मोठे आहेत.

सारेच पत्रे असे दैववान नसतात. नांगराच्या फाळाला किंवा पायाच्या खणतीत काही लागलं की सोनं आहे का पाहायला माणूस आधी दगडानं घासतो, मग चिंचेत बुडवतो. जमिनीत शेकडो वर्षं राहिलेल्या तांब्याचा वरचा थर पुष्कळदा गंजून त्या हिरव्या कवचाचाच भाग झालेला असतो, आणि अक्षरांचे बारकावे त्या कवचातच असतात. कवच गेलं की अक्षरही गेलं. संग्रहालयातले जाणकार भिंगाखाली, सुईच्या टोकानं, दिवसचे दिवस जे काम करतात, ते आपण पाच मिनिटांत आटपायला जातो. नाण्यांचं आणि जुन्या मूर्तींचंही हेच.

तेव्हा असं काही सापडलं तर पाणी, तेल, शेंदूर, काही लावू नका. सुटी माती मऊ कुंचल्यानं झाडा, वस्तू कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा, कुठं आणि किती खोल मिळाली ते लिहून ठेवा. जमिनीतल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १८७८ सालचा कायदाच आहे तसा. दरम्यान अक्षरं बघायची उत्सुकता असेलच. मग पत्रा खिडकीशी न्या आणि उजेड बाजूनं तिरपा पडू द्या. न घासताही पुष्कळ अक्षरं उठून दिसतात. तसाच एक फोटो काढून ठेवा.