पहिला नंबर नेमका कोणाचा? एक गाणं, चार याद्या आणि संशोधनातला एक धडा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी गाईड सरांनी मला एक साधा प्रश्न विचारला होता : "ही नोंद घेतलीस, मग ती का नाही घेतलीस?" माझ्याकडे एकाच तालुक्याच्या पावसाच्या दोन नोंदी होत्या. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या आणि काही वर्षांचे आकडे जुळत नव्हते. मी एक निवडली आणि प्रकरण लिहून मोकळी झाले. का निवडली, याचं खरं उत्तर असं होतं की तिच्यात मला हवा तो कल दिसत होता. अर्थात, हे मी सरांना सांगितलं नाही. "ही जास्त विश्वासार्ह वाटली," असं काहीतरी पुटपुटले.

त्या प्रश्नाचं नीट उत्तर मला सांख्यिकीच्या पुस्तकात नाही, तर बीटल्सच्या चाहत्यांच्या एका जुन्या भांडणात सापडलं. आज त्याचीच गोष्ट.

भांडण काय आहे?

नोव्हेंबर 1962 मध्ये बीटल्सनी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत 'प्लीज प्लीज मी' हे गाणं रेकॉर्ड केलं. तेव्हाच निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना सांगून टाकलं होतं की हे तुमचं पहिलं नंबर एकचं गाणं ठरणार. 11 जानेवारी 1963 ला रेकॉर्ड बाजारात आली. फेब्रुवारीत तिच्यासमोर उभी होती फ्रँक आयफिल्ड या लोकप्रिय गायकाची 'द वेवर्ड विंड'.

मग जिंकलं कोण? इथेच पंचाईत आहे. त्या काळात ब्रिटनमध्ये विक्रीची एकच अधिकृत यादी नव्हतीच. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' (पुढे नुसतं एनएमई म्हणते), 'मेलडी मेकर' आणि 'डिस्क' ही संगीताची साप्ताहिकं आपापल्या याद्या छापायची. शिवाय 'रेकॉर्ड रिटेलर' हे दुकानदारांसाठीचं व्यापारी नियतकालिक होतं, त्याची यादी वेगळी. पहिल्या तिन्ही याद्यांत 'प्लीज प्लीज मी' पहिल्या नंबरवर पोहोचलं. 'रेकॉर्ड रिटेलर'मध्ये मात्र ते दुसऱ्या नंबरवर अडकलं आणि पहिला राहिला आयफिल्ड.

सन 2000 मध्ये बीटल्सच्या ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिल्या आलेल्या गाण्यांचा 'वन' नावाचा अल्बम आला. त्यात 27 गाणी आहेत, 'प्लीज प्लीज मी' नाही. अमेरिकेत ते पहिलं आलं नव्हतं आणि ब्रिटनसाठी 'रेकॉर्ड रिटेलर'ची यादी प्रमाण मानली गेली. चाहते आजही चिडतात : चारांपैकी तीन याद्या ज्याला पहिलं म्हणतात, ते दुसरं कसं?

यादी बनायची कशी?

ब्रिटनमधली विक्रीवर आधारलेली पहिली यादी एनएमईने 14 नोव्हेंबर 1952 ला छापली. त्यासाठी पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन करून कोणती रेकॉर्ड जास्त खपते ते विचारलं होतं. पद्धत पुढे वाढली, पण गाभा तोच राहिला. ठरावीक दुकानांकडून सर्वाधिक खपाच्या रेकॉर्ड क्रमाने मागवायच्या, क्रमाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची.

साठच्या दशकात एनएमई आणि 'मेलडी मेकर' शंभरहून जास्त दुकानांना विचारत होते. 'रेकॉर्ड रिटेलर'ने मार्च 1960 मध्ये स्वतःची यादी सुरू केली तेव्हा त्यांचा नमुना जेमतेम तीसेक दुकानांचा होता. नमुना लहान असला की दोन-चार दुकानांच्या लहरीनेही क्रम इकडचा तिकडे होऊ शकतो. हे आपण एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षीच शिकतो.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती क्रमाला गुण देण्याची भानगड. एक काल्पनिक उदाहरण बघा. तीन दुकानं आणि दोन गाणी, क आणि ख.

पहिलं दुकान मोठं : क च्या 200 प्रती, ख च्या 150.
दुसरं लहान : क 15, ख 20.
तिसरंही लहान : क 12, ख 18.

एकूण विक्री मोजली तर क च्या 227 आणि ख च्या 188 प्रती. क सरळ पुढे. आता क्रमाला गुण देऊ : पहिल्याला 3, दुसऱ्याला 2. क ला मिळाले 3, 2, 2 म्हणजे 7. ख ला मिळाले 2, 3, 3 म्हणजे 8. ख जिंकलं!

कोणी लबाडी केली नाही, कोणाची बेरीज चुकली नाही. फक्त मोजण्याचा नियम बदलला आणि विजेता बदलला. म्हणजे 'पहिला नंबर' ही बाजारात आयती पडलेली वस्तू नव्हे. कोणती दुकानं, किती दुकानं आणि गुण कसे, हे ठरल्यावरच ती तयार होते.

मग 'रेकॉर्ड रिटेलर'च का?

आता गोष्ट इतिहासाकडे वळते. 1963 मधल्या तरुण श्रोत्याला विचारलं असतं तर त्याने बहुधा एनएमईची यादी पुढे केली असती, कारण ते साप्ताहिक खूप जास्त वाचलं जायचं. बीबीसी तर आपल्या कार्यक्रमासाठी वेगवेगळ्या याद्यांची सरासरी काढायची. पण सरासरी काढली की बरोबरी होते. ऑगस्ट 1968 मध्ये पहिल्या नंबरावर एकाच वेळी तीन गाणी येऊन बसली! अखेर बीबीसी आणि 'रेकॉर्ड रिटेलर' यांनी मिळून एका बाजार-संशोधन संस्थेला काम दिलं आणि फेब्रुवारी 1969 पासून सुमारे 250 दुकानांच्या विक्री-नोंदींवर आधारलेली एकच यादी निघू लागली.

1969 नंतरचा प्रश्न मिटला. आधीच्या वर्षांचं काय? 1977 मध्ये 'गिनेस बुक ऑफ ब्रिटिश हिट सिंगल्स' हे संदर्भपुस्तक आलं. त्याच्या संपादकांना एक सलग इतिहास हवा होता. त्यांनी 1952 पासून एनएमईची यादी घेतली आणि मार्च 1960 पासून 'रेकॉर्ड रिटेलर'ची. कारण व्यावहारिक होतं : 'रेकॉर्ड रिटेलर' पन्नास गाण्यांची यादी द्यायचं, त्या वेळी इतरांच्या याद्या त्याहून आखूड होत्या. पुस्तक घराघरांत गेलं, पुढे अधिकृत नोंदींनीही हीच साखळी धरली. म्हणजे 1963 मध्ये चारांपैकी एक असलेली यादी चौदा वर्षांनी अधिकृत इतिहास होण्याच्या वाटेला लागली. आयफिल्डचा निकाल दुकानांच्या काउंटरवर जेवढा लागला, तेवढाच तो संपादकांच्या टेबलावरही लागला.

पण थांबा

इथपर्यंत वाचून मी ठामपणे चाहत्यांच्या बाजूने झाले होते. बहुमत बीटल्सचं, नमुनाही त्यांच्या बाजूच्या याद्यांचा मोठा. अजून काय हवं?

मग 1967 चं प्रकरण वाचलं. त्या फेब्रुवारीत बीटल्सची 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ही दोन गाणी एकाच रेकॉर्डवर आली. समोर होतं एंगेलबर्ट हम्परडिंक यांचं 'रिलीज मी'. (या गायकाचा जन्म मद्रासचा, खरं नाव अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी.) या वेळी 'रेकॉर्ड रिटेलर' आणि एनएमई दोघांनीही 'रिलीज मी'ला पहिलं ठरवलं. बीटल्सना पहिला नंबर दिला तो 'मेलडी मेकर'ने.

चाहत्यांपैकी काही जण इथे 'मेलडी मेकर'चा दाखला देतात. 1963 साठी "बहुमत बघा" आणि 1967 साठी "ही एक यादी बघा"! दोन्ही वेळा नियम वेगळा, निकाल मात्र तोच : आपली माणसं जिंकली पाहिजेत.

ते वाचून मला हसू आलं आणि लगेच पोटात गोळाही आला. कारण पावसाच्या नोंदींबाबत मी अगदी हेच केलं होतं. निकाल आधी बघितला आणि नियम नंतर शोधला.

गिनेसच्या संपादकांवर कितीही टीका करा, एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांनी नियम एकदा ठरवला आणि तो सगळ्यांना सारखा लावला. लांबलचक यादी हा त्यांचा निकष कोणाला जिंकवण्यासाठी नव्हता. तो अपुरा असेल, त्याने 'प्लीज प्लीज मी'वर अन्याय झालाही असेल. पण तो तपासता येतो, त्याच्याशी वाद घालता येतो. "विश्वासार्ह वाटली" याच्याशी वाद कसा घालणार?

मी पुढे काय केलं

सरांकडे परत गेले आणि खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. "आता दोन्ही नोंदींवर तेच गणित करून बघ," एवढंच म्हणाले. केलं. कल एका नोंदीत स्पष्ट आला, दुसरीत जवळजवळ नाहीसा झाला. चार महिन्यांचं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं आणि ठसठशीत निष्कर्षाच्या जागी आता "नोंदीनुसार उत्तर बदलतं" असं काहीसं फिकं वाक्य आहे. सुरुवातीला खूप वाईट वाटलं. पण या वाक्यावर व्हायवात मला कोणी काहीही विचारलं तरी मी डोळे वर करून उत्तर देऊ शकते.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर आकड्यांना हात लावण्याआधी एक पान लिहून ठेवा : दोन स्रोत जुळले नाहीत तर मी कोणता घेईन आणि का. वर तारीख घाला. नंतर नियम बदलावासा वाटला तर जरूर बदला, पण ते पान फाडू नका, बदलाचं कारण त्याच्याखालीच लिहा.

माझं ते पान आता टेबलासमोर भिंतीवर चिकटवलंय. वर पेनाने लिहिलंय : 'फ्रँक आयफिल्ड'. खोलीत येणारा प्रत्येक जण विचारतो, हा कोण?