पेशीच्या वाड्याची देवडी

आमच्या नेऱ्यासारखेच खारघरही पनवेल तालुक्यातले. तिथे आज ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधनाचे मोठे केंद्र उभे आहे. त्याचे मूळ १९५२ साली मुंबईत निघालेल्या संस्थेत, आणि त्या संस्थेच्या इतिहासात एका पुणेकरणीचे नाव ठळक आहे.

कमल समर्थ १९१७ साली पुण्यास जन्मल्या. विवाहानंतर त्या रणदिवे झाल्या. डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली अभ्यास करून १९४९ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत राहून माणसाच्या पेशी काचपात्रात वाढविण्याची विद्या त्या शिकल्या आणि ती त्यांनी मुंबईस आणली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध आहे, हे त्यांनी फार लवकर ओळखले.

त्यातले मर्म १९९४ साली उमगले. बीआरसीए-१ हे जनुक हाती लागले. त्याचे प्रथिन मोडलेला डीएनए सांधते. पण वाचकहो, अडचण पाहा! डीएनए असतो केंद्रकात आणि प्रथिन घडते बाहेर. पेशी हा वाडा मानला तर केंद्रक हे त्याचे माजघर. आणि माजघराच्या देवडीवरून मोठ्या प्रथिनाला वाटाड्यावाचून प्रवेश नाही. प्रथिनाच्या अंगावरची खूण ओळखणारा हा वाटाड्या म्हणजे इंपोर्टिन-अल्फा. तो घडविणारी जनुके माणसात सात. केपीएनए-२ हे त्यांतले एक. इंपोर्टिन-बीटा जोडीला घेऊन तो आत शिरतो, रॅन नावाचे प्रथिन ओझे सोडवते, की स्वारी पुन्हा बाहेर, नव्या पाहुण्यासाठी! बीआरसीए-१ चे प्रथिनही ह्याच वाटाड्याचा हात धरते, हे १९९६ साली दिसले. ही वाट उलगडली तीही काचपात्रात वाढविलेल्या पेशींवरच. हेन्रिएटा लॅक्स ह्या रुग्ण स्त्रीच्या ज्या पेशी गाय यांच्याकडे १९५१ पासून वाढल्या, त्यांचा त्यात मोठा वाटा होता.

वाटाड्यांची संख्या बिघडली तरी अनर्थच. कित्येक कर्करोगांत केपीएनए-२ अवाजवी जोराने चालताना आढळते.

रणदिवेबाईंनी कुष्ठरोगाच्या जंतूंवरही संशोधन केले. नेऱ्याच्या शांतिवनामुळे तो रोग आम्हांला परका नाही. कुष्ठरोग वंशातून येत नाही, तरी लोकांनी त्याला कुळाचा कलंक ठरवून माणसे घराबाहेर काढली. उलट स्तनाच्या कर्करोगाचा धागा काही घराण्यांत खरोखरच पिढ्यांमधून येतो, आणि त्याविषयी मात्र घरात चकार शब्द निघत नाही! भाऊबीजेला आत्या-मावश्या घरी येतील, तेव्हा आजीला काय झाले होते, पणजी कशाने गेली, एवढे लेकीसुनांसमोर मोकळेपणाने विचारावे. त्या उत्तरावर एखादीचा जीव वाचेल.