मुकादमाच्या वहीत बाईचे नाव

आमच्या घरी एक जुनी वही आहे. वडिलांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब तिच्यात आहे. उचल किती, टन किती, खाडे किती आणि पट्टा पडला तेव्हा अंगावर किती राहिले. सात हंगामांचा हा हिशेब. सातही हंगाम आई फडात होती. वडील तोडत, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरी. धाकटा भाऊ कोपीवर जन्मला आणि पाचव्या दिवशी ती पुन्हा पाचटात उभी राहिली. वहीत तिचे नाव एकदाही नाही. त्या चार दिवसांचे खाडे मात्र आहेत, वडिलांच्या नावावर.

मी घरातली पहिली पदवीधर, आणि बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. दस्तऐवजात नाही तो इतिहासात नाही, ही इतिहासलेखनाची जुनी खोड मी वर्गात टीका करून सांगत असे. आता तीच खोड जगाच्या बाजाराला लागलेली पाहते आहे.

ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणजे मजुरीचे एकक माणूस नसून लग्न आहे. हंगामाच्या तोंडावर मुलींची लग्ने का उरकली जातात, याचे उत्तर निव्वळ 'अज्ञान' असे देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

ही व्यवस्था आभाळातून पडली नाही. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकरी कारखान्याचा मालक झाला, ही मोठी गोष्ट होती, ती नाकारण्याचे कारण नाही. पण सभासद होण्यासाठी जमीन लागत होती. ज्यांच्याकडे ती नव्हती, किंवा होती ती कोरडवाहू होती, ते १९७२ च्या दुष्काळानंतर आणखी मोठ्या संख्येने कोयता घेऊन पश्चिमेकडे निघाले. ते कारखान्याचे सभासदही नव्हते आणि कामगारही नव्हते. कारखाना म्हणे, माणसे मुकादमाची. मुकादम म्हणे, मी फक्त माणसे पुरवतो. सहकाराच्या गौरवग्रंथांत या माणसांसाठी किती पाने आहेत, ते वाचकांनी स्वतः मोजावे.

आता साखळी आणखी लांबली आहे. साखर शीतपेयांच्या जागतिक कंपन्यांकडे जाते आणि त्यांना साखर 'शाश्वत' असल्याचा दाखला लागतो. उसासाठी असा दाखला देणारी संस्था म्हणजे बॉनसुक्रो. तिचे पहिले प्रमाणपत्र २०११ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्यातल्या माराकाई इथल्या कारखान्याला मिळाले आणि ती साखर कोका-कोलाने घेतली. साओ पावलोत आज ऊस बहुतांशी यंत्राने तोडला जातो. आपल्याकडे अजूनही बहुतेक ऊस जोडप्यांच्या हातांनी तुटतो. मानकात मात्र किमान वेतन, भेदभावाला बंदी, बालमजुरीला बंदी ही कलमे सगळीकडे सारखीच.

कलमे वाईट नाहीत. अडचण तपासणीत आहे. तपासनीस कागद पाहतो. बाईला पुरुषाइतकी मजुरी मिळते का, हा प्रश्न विचारायला आधी बाईची वेगळी मजुरी कुठेतरी लिहिलेली असावी लागते. कोयत्याच्या हिशेबात ती नाहीच! समान काम, समान वेतन सांगणारा १९७६ चा आपला कायदाही याच उंबऱ्यावर अडखळला. जिथे बाईचे वेतनच नाही, तिथे विषमता सिद्ध कशी करायची?

कागदावर जे दिसत नाही ते शरीरावर दिसते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि दुखण्यावर एकच इलाज सांगितला जातो. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी हा धागा कोका-कोला आणि पेप्सीच्या साखरेपर्यंत नेऊन दाखवला. तोवर जगाच्या लेखी ही साखर गोडच होती.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र नवा नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांना बाळंतपणाचा भत्ता देण्याच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे त्यांचे म्हणणे होते. पण मालक बाईला कामावर ठेवतो ते त्यात त्याचा नफा असतो म्हणून, तेव्हा त्यालाही यातून सुटका नाही, हेही त्यांनी बजावले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. तो कारखान्यांपुरता होता. फडातल्या बाईपर्यंत तो पोचला नाही. पण नफा जिथे जातो तिथे जबाबदारीही गेली पाहिजे, हा त्यामागचा विचार मुकादम, कारखाना आणि कंपनी या तिघांनाही लावता येतो.

तो लावता येतो याचा एक दाखला तमिळनाडूत आहे. जानेवारी २०२१ मध्ये दिंडिगल भागातल्या एका कपड्यांच्या कारखान्यातल्या तरुण दलित कामगार स्त्रीचा खून झाला. तिच्यावरच्या पर्यवेक्षकावर त्याचा आरोप होता. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या तिथल्या कामगार संघटनेने प्रमाणपत्र मागितले नाही, करार मागितला. एप्रिल २०२२ मध्ये तो झाला आणि एच अँड एमने त्यावर बंधन स्वीकारून सही केली. त्यात लैंगिक छळाबरोबर जातीचा भेदही नावानिशी आला, आणि कामावर लक्ष ठेवायला कामगार स्त्रियांतूनच देखरेख करणाऱ्या नेमण्याचे ठरले. वर्षातून एकदा येणारा तपासनीस आणि रोज शेजारच्या शिलाई मशीनवर बसणारी बाई, यांत फरक आहे. पण त्या कारखान्यात बाईचे नाव हजेरीपटावर होते, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे लढाई त्याच्या एक पायरी अलीकडे आहे.

दसऱ्याआधी माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या एका मुलीने घरचा उचलीचा कागद स्वतः लिहिला, कारण मुकादमाचा लिहिणारा आला नव्हता. तिने वडिलांच्या नावाशेजारी आईचेही नाव घातले आणि निम्मी उचल तिच्या नावापुढे मांडली. मुकादमाने कागद वाचला, दुसरे नाव खोडले आणि म्हणाला, एक कोयता, एक नाव. तो खोडलेला कागद तिने मला आणून दिला आहे. वडिलांच्या वहीत मी तो ठेवला आहे.